जलझोत, उच्च दाबाचा

पंपाने पाण्याचा दाब वातावरणीय दाबाच्या शेकडो किंवा हजारो पट वाढवून ते पाणी बारीक छिद्रातून बाहेर सोडले असता दाबरूप ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होऊन जो अतिवेगवान झोत मिळतो, त्यास उच्च दाबाचा जलझोत म्हणतात. यंत्रसामग्रीवर बसलेली पुटे काढणे, तुंबलेल्या नळ्या व गटारे मोकळी करणे, जुना रंग व गंज उतरविणे, खराब झालेले काँक्रीट फोडणे आणि निरनिराळे पदार्थ कापणे ही त्याची उद्योगधंद्यांतील मुख्य कामे होत. भारतीय कारखान्यांत हे काम ‘हायड्रोजेटिंग’ किंवा नुसते ‘जेटिंग’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर हा पट्टा या तंत्राच्या विवेचनास विशेष सोयीचा आहे. रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आणि समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे अणुवीज केंद्र असे या तंत्राचे बहुतेक सर्व ग्राहक येथे काही किलोमीटरांच्या परिसरात एकत्र आलेले आहेत. त्यातून उद्भवणारे प्रश्नही येथेच एकत्र पाहावयास मिळतात.

दाब मोजण्यासाठी बार हे एकक वापरतात. १ बार म्हणजे सु. १·०२ किग्रॅ./सेंमी.² होय, म्हणूनच कामगार ‘पाचशे किलोचे प्रेशर’ असे म्हणतात तेव्हा त्यांना जवळजवळ तितकेच बार अभिप्रेत असतात. सर्वसाधारणपणे ३४० बारपर्यंतचा दाब कमी, ३४० ते ७०० बार हा उच्च दाबाच्या धुलाईचा, ७०० ते २,१०० बार हा उच्च दाबाच्या झोताचा आणि त्यापुढील दाब अत्युच्च समजतात. ही वर्गवारी सोयीसाठी केलेली आहे. झोताच्या भौतिक गुणधर्मांत या सीमांवर काही एकाएकी बदल होतो असे नाही.

इतिहास : वेगवान पाण्याने घन पदार्थ फोडण्याचा पहिला मोठा औद्योगिक प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात झाला. १८५३ पासून तेथे डोंगरावरून आणलेले पाणी मोठ्या तोंडाच्या नळांतून सोन्याच्या रेताड टेकड्यांवर मारून त्या धुऊन काढीत. सोने मिळाले, पण टेकड्यांचा गाळ नद्यांत उतरून सखल भागातील शेते व गावे गाडली जाऊ लागली. शेतकऱ्यांच्या दाव्यावरून १८८४ मध्ये न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी हा गाळ नदीत सोडण्यास मनाई केली आणि हा धंदा बहुतांशी बसला. झोताने सुटलेला पदार्थ शेवटी कोठे जातो हा प्रश्न या तंत्राइतकाच जुना आहे, हे यावरून दिसून येईल.

१९३० नंतर सोव्हिएट रशियात कोळसा फोडण्यासाठी जलझोतांचा उपयोग होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले दट्ट्याचे पंप मिळू लागल्यावर कारखान्यांतील साफसफाईत झोताचा प्रवेश झाला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वनविद्या अभियंते नॉर्मन फ्रान्झ यांनी अत्यंत बारीक व अतिदाबाच्या झोताने लाकूड कापण्याचे प्रयोग केले. या झोताने मऊ पदार्थ उत्तम कापले जात, परंतु धातू व दगड यांवर तो फारसा चालत नसे. १९७९ च्या सुमारास मोहम्मद हशीश यांनी झोतात अपघर्षक कण मिसळण्याची युक्ती काढली आणि जाड पोलादही पाण्याने कापता येऊ लागले.

तत्त्व : घर्षण व पाण्याची संपीड्यता विचारात न घेतल्यास झोताचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १०० बार दाबास वेग सु. १४० मी./से., १,००० बारास सु. ४५० मी./से. व ४,००० बारास सु. ९०० मी./से. इतका येतो; म्हणजे १,००० बारांचा झोत हवेतील ध्वनीपेक्षा वेगाने धावतो. प्रत्यक्ष वेग यापेक्षा थोडा कमी असतो. महाराष्ट्रातील वाचकांस परिचित असे उदाहरण द्यावयाचे तर खोपोली येथील जलविद्युत् केंद्रात (१९१५) सु. ५०० मी. उंचीवरून आलेले पाणी पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. तेथील दाब सु. ५० बार आणि झोताचा वेग सु. १०० मी./से. असतो. सह्याद्रीचा कडा जो दाब देतो, त्याच्या वीसपट दाब आज चाकांच्या गाड्यावर बसविलेला एक पंप कारखान्याच्या दारात देऊ शकतो. खोपोलीच्या झोताचे सामर्थ्य मात्र दाबात नसून पाण्याच्या प्रचंड राशीत आहे.

वेग दुप्पट करावयाचा तर दाब चौपट करावा लागतो. यामुळे काम होत नसेल तर दाब वाढवीत जाणे हा नेहमीच शहाणपणाचा मार्ग ठरत नाही. प्रत्येक पुटाला स्वतःचा असा एक किमान दाब असतो. त्याखाली झोत कितीही वेळ मारला तरी पूट सुटत नाही आणि त्यावर गेल्यानंतर पाण्याचे प्रमाण वाढविणे हे दाब वाढविण्यापेक्षा बहुधा अधिक फायदेशीर ठरते. मऊ चिखलासारखा गाळ वाहून नेण्यास भरपूर पाणी लागते, तर काचेसारखे कठीण झालेले बहुवारिक फोडण्यास दाब लागतो. अनुभवी कामगार हे गणिताविना ओळखतो.

झोत पृष्ठावर आदळताना दोन प्रकारे काम करतो. सलग झोताचा स्थिर दाब जास्तीत जास्त पंपाच्या दाबाइतका असतो. मात्र प्रोथापासून काही अंतरावर झोत फुटून थेंबांत विभागला जातो आणि प्रत्येक थेंब आदळण्याच्या क्षणी पाण्यात आघात तरंग निर्माण होतो. पाण्यातील ध्वनीचा वेग सु. १,५०० मी./से. असल्याने ४५० मी./से. वेगाच्या थेंबाने निर्माण होणारा क्षणिक दाब हिशोबाने ६,००० बारांहूनही अधिक येतो. तो सेकंदाच्या लक्षांशाहूनही कमी काळ टिकतो. तथापि ठिसूळ पुटाला तडे पाडण्यास तेवढे पुरते. मग त्या तड्यांत पाणी पाचरीसारखे घुसते आणि पूट पापुद्र्यांनी सुटते. धातू लवचिक व अखंड असल्याने बहुधा शाबूत राहतो. पूट जावे आणि पात्र राहावे हा या तंत्राचा सारा लाभ या फरकावर आधारलेला आहे. फार दूरवर नेल्यास झोत हवेत विरून त्याचा जोर नाहीसा होतो. त्यामुळे हाताने सफाई करताना प्रोथ पृष्ठापासून काही सेंटिमीटर अंतरावरच धरावा लागतो.

साधने : सफाईसाठी बहुधा तीन दट्ट्यांचा पंप वापरतात. भुजादंडावरील तीन दट्टे परस्परांशी १२०° कोन करून बसविलेले असल्याने पाण्याचा प्रवाह बराचसा अखंड राहतो (⇨ पंप). दट्ट्यांवर मृत्तिका पदार्थाचे किंवा टंगस्टन कार्बाइडाचे कठीण आवरण असते. पाणी प्रथम बारीक गाळणीतून नेतात, कारण वाळूचा एक कणही झडपेच्या बैठकीवर व प्रोथाच्या छिद्रात खोल ओरखडा पाडू शकतो. किनाऱ्यालगत कूपनलिकेचे खारट पाणी वापरल्यास पंपाची दुरुस्ती वारंवार काढावी लागते, हाही खर्चाचा भाग होय.

१,००० बार दाबाने मिनिटाला ४० लि. पाणी सोडणाऱ्या पंपाचे उदाहरण घेऊ. झोतातील शक्ती सु. ६७ किवॉ. भरते व पंपातील हानी धरून ७५ किवॉ. म्हणजे सु. १०० अश्वशक्तीचे चलित्र लागते. हे सर्व पाणी सु. दीड मिमी. व्यासाच्या छिद्रातून जाते. शंभर घोड्यांचे काम टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी एकवटले आहे असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. ही सर्व ऊर्जा अखेर उष्णतेत गेली तर पाण्याचे तापमान सु. २४° से. नी वाढते. झोत सोडणाऱ्या नळीवर उलट दिशेने सु. ३०० न्यूटन, म्हणजे ३० किग्रॅ. वजनाइतका धक्का बसतो. तो कामगाराने उभ्याने पेलावयाचा असतो. म्हणून हाती धरलेल्या साधनाचा धक्का कामगाराच्या वजनाच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक नसावा असा प्रघात आहे. या हिशोबाने वरील पंप नव्वद किग्रॅ. वजनाच्या माणसासही जेमतेम हाताळता येईल आणि आपल्याकडील सामान्य बांध्याच्या कामगारास तो हातात देणे योग्य नव्हे. त्यासाठी यांत्रिक आधार हवा.

पंपापासून प्रोथापर्यंत पाणी पोलादी तारांचे अनेक थर गुंडाळलेल्या लवचिक नळीतून नेतात. तिचा फुटण्याचा दाब कार्यदाबाच्या अडीच पट असावा लागतो. हातातील साधनास चाप असतो. तो सोडताच पाणी मोकळ्या वाटेने निघून जाते आणि झोत मरतो. नळ्यांच्या आत घालावयाच्या लांब दांड्यासाठी चापाऐवजी पायाने दाबावयाची झडप असते. प्रोथांचे प्रकार पुष्कळ आहेत : एकच सरळ झोत देणारे, पंख्यासारखा पसरट झोत देणारे, स्वतःभोवती फिरणारे, आणि ज्यांची काही छिद्रे मागील बाजूस वळविलेली असतात असे. शेवटच्या प्रकारात मागे जाणारे झोत नळीला पुढे ढकलतात व सुटलेला गाळ मागे ओढून आणतात. त्यामुळे नळी आपोआप गटारात शिरत जाते.

कापण्यासाठी लागणारा ३,००० ते ४,००० बार दाब साध्या पंपाने मिळविणे कठीण असते. त्यासाठी दाबवर्धक वापरतात. यात सु. २०० बार दाबाचे तेल मोठ्या दट्ट्यावर सोडतात आणि त्यास जोडलेला, विसावा हिस्सा क्षेत्रफळाचा लहान दट्ट्या पाण्यास वीसपट दाब देतो. इतक्या दाबास पाण्याचे घनफळही सु. एक-अष्टमांशाने घटते, पाणी दाबले जात नाही ही शालेय समजूत येथे सोडून द्यावी लागते.

तारापूर परिसरातील उपयोग : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याने वसविलेली तारापूर औद्योगिक वसाहत पश्चिम रेल्वेवरील बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस आहे. तिच्या नावात तारापूर असले तरी व्यवहारात तिचे ठाणे बोईसर हेच होय. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वसाहतीत रंगद्रव्ये, औषधांची मध्यवर्ती रसायने, कापडावरील प्रक्रिया व पोलादाची उत्पादने यांचे कारखाने आहेत. जवळच समुद्रकाठी तारापूर अणुवीज केंद्र असून त्यातील पहिले दोन उकळत्या पाण्याचे विक्रियक ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेचे दोन जड पाण्याचे विक्रियक २००५ व २००६ मध्ये त्यात भर पडले. उत्तरेस डहाणू येथे प्रत्येकी २५० मेवॉ. क्षमतेच्या दोन संचांचे औष्णिक वीज केंद्र आहे.

या सर्व उद्योगांचा समान शत्रू म्हणजे उष्णतेच्या वाटेत बसणारे पूट. उष्णता विनिमयकात साधारण १९ ते २५ मिमी. व्यासाच्या शेकडो नळ्या असतात. त्यांच्या आत कॅल्शियम कार्बोनेटाचा १ मिमी. जाडीचा थर बसला, तर उष्णतेला त्याचा अडथळा २० मिमी. किंवा त्याहूनही जाड पोलादाइतका होतो. रसायन थंड होण्यास वेळ लागतो, इंधन व वीज वाया जाते आणि उष्णता देणाऱ्या विक्रियांत तर हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही : थंडाव्याची वाट बंद झाली की विक्रिया हाताबाहेर जाण्याचा धोका उद्भवतो. वार्षिक बंदच्या काळात, ज्यास सर्वजण ‘शटडाऊन’ म्हणतात, विनिमयकाची झाकणे उघडून एकेका नळीत दांडा सरकवून ती धुतात. पूर्वी हे काम सळईने खरवडून किंवा अम्ल खेळवून करीत. सळईने नळी ओरखडली जाते. अम्लाने पुटाबरोबर थोडा धातूही जातो आणि वापरलेले अम्ल उदासीन करण्याचे काम शिल्लक राहते. शिवाय नळी पूर्ण बुजलेली असेल तर अम्ल आत शिरतच नाही. जलझोतास या अडचणी नाहीत. परंतु प्रत्येक नळीपर्यंत सरळ वाट असणे त्यास आवश्यक असल्याने वळणांच्या नळ्यांसाठी अम्लाची गरज अजून संपलेली नाही.

समुद्राचे पाणी वापरणाऱ्या वीज केंद्रांत प्रश्नाचे स्वरूप जैविक असते. अंतर्ग्रहण मार्गात व संघनकाच्या जलपेटीत बार्नॅकल, शिंपले व शैवाले चिकटून वाढतात. पाण्यात क्लोरीन सोडून त्यांची वाढ रोखतात, तरीही जे बसतात ते यांत्रिक साधनांनी काढावे लागतात. मेलेल्या प्राण्यांची कवचेही जागा सोडीत नाहीत. खरवडण्याच्या मानाने झोताने हे काम लवकर होते. अणुवीज केंद्रांत झोताचा आणखी एक उपयोग म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाने दूषित झालेल्या अवजारांचे व भागांचे विदूषण. येथे दूर राहून काम करता येणे हा मोठाच लाभ असतो. मात्र वापरलेला प्रत्येक लिटर पाणी जमा करून गाळावे व आयन-विनिमय रेझिनांतून न्यावे लागते, म्हणून पाणी शक्य तेवढे कमी वापरण्याकडे कल असतो. कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत बाष्पित्राच्या मागील हवा-तापकांत बसलेली राख धुण्यासाठीही झोत वापरतात. पोलादाच्या तप्त लाटणीत धातूवर ऑक्साइडाची खपली येते, ती सु. १५० ते २५० बार दाबाच्या झोतांनी लाटण्यापूर्वी उडविली नाही, तर पत्र्यात दाबली जाऊन डाग पडतो.

विक्रियापात्रांची सफाई हा रासायनिक वसाहतीतील सर्वांत नाजूक भाग होय. एका उत्पादनानंतर दुसरे घेताना पात्राच्या भिंतींवरील, ढवळणीच्या पात्यांवरील अवशेष काढावे लागतात. हे काम माणूस आत उतरवून केले जाई आणि काही ठिकाणी अजूनही होते. पात्रात द्रावकाची वाफ उरलेली असू शकते किंवा नायट्रोजन भरलेला असू शकतो. नायट्रोजनाला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन नसलेल्या हवेत दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो आणि त्यास काढण्यास उतरलेला दुसराही तसाच पडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने, अशा जागेत धोकादायक वायू नाही याची लेखी खात्री किंवा श्वसनसाधन व कमरेस दोर असल्याशिवाय कोणास उतरवू नये असा दंडक घातला होता. वरच्या तोंडातून आत सोडलेले, दोन अक्षांभोवती फिरत सर्व भिंती धुणारे झोतशीर्ष वापरल्यास माणूस आत उतरविण्याची गरजच राहत नाही. खर्चाच्या वहीत हा फायदा दिसत नाही. पण या तंत्राच्या बाजूने सांगता येणारी सर्वांत वजनदार गोष्ट हीच आहे. काचेचे अस्तर असलेल्या पात्रात मात्र दाब मर्यादित ठेवावा लागतो, अन्यथा अस्तराचा टवका उडून आतील पोलाद अम्लास उघडे पडते.

गटारांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. झोत मारणारी व गाळ शोषणारी अशी दुहेरी यंत्रे असलेल्या मोटारगाड्या आता नगरपालिकांकडे दिसतात. २०१३ च्या अधिनियमाने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस आणि सुरक्षासाधनांविना माणसास गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, १९९३ पासून अशा कामी मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबियांस प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. गटाराच्या वाटेत २०० बारांहून कमी दाबही बहुधा पुरतो. तेव्हा यंत्र नाही ही सबब तांत्रिक दृष्ट्या टिकणारी नाही. अरुंद गल्लीत मोटारगाडी जात नाही ही अडचण खरी आहे, परंतु लहान गाड्यावरील पंप व लांब नळी यांनी ती दूर होऊ शकते.

धोके : झोत साध्या पाण्याचा असल्याने तो निरुपद्रवी वाटतो आणि येथेच फसगत होते. सफाईच्या झोताला कातडी, कातड्याचे हातमोजे व रबरी बूट हे अडथळेच नव्हेत. तो शरीरात शिरला म्हणजे बाहेर टाचणीएवढे छिद्र दिसते, रक्तही फारसे येत नाही आणि पहिला तासभर वेदनाही कमी असू शकतात. आत मात्र पाणी स्नायूंच्या व कंडरांच्या थरांमधून दूरवर पसरलेले असते आणि त्याबरोबर पुटातील रसायने, गटारातील जंतूही गेलेले असतात. अशा जखमेवर पट्टी बांधून कामगारास घरी पाठविल्यास काही दिवसांत बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊ शकते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब आहे. अनेक देशांत झोतकाम करणाऱ्या कामगाराजवळ, ही जखम उच्च दाबाच्या पाण्याची आहे व तिचा संसर्ग सामान्य जखमेसारखा नसतो, असे डॉक्टरांस सांगणारे पत्रक ठेवण्याची पद्धत आहे. बंदच्या हंगामात हे काम बहुधा ठेकेदाराकडील हंगामी मजूर करतात. बोईसरसारख्या ठिकाणी असे पत्रक मराठीत व हिंदीत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवणे अगदी अल्प खर्चाचे आहे.

थकवा वाचविण्यासाठी चाप तारेने बांधून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते; ती अत्यंत घातक होय. साधन हातातून निसटल्यास बांधलेल्या चापामुळे नळी सापासारखी फटकारे मारीत राहते. लवचिक दांडा नळीतून मागे उसळून बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी अटकाव बसवावा लागतो. पंपावर एक व प्रोथावर एक असे किमान दोन माणसांनी काम करावे आणि पंपावरील माणसाची दृष्टी सतत सहकाऱ्यावर असावी, हा मूळ नियम आहे. गोंगाटामुळे बोलणे ऐकू येत नसल्याने हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. वेगाने फुटणाऱ्या थेंबांवर विद्युत् भार जमतो आणि बंद टाकीतील धुके भारित होते. डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ व ‘काँग हाकोन सातवा’ या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांत अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत स्फोट झाले. तिन्हींच्या रिकाम्या टाक्या त्या वेळी पाण्याच्या झोतांनी धुतल्या जात होत्या. चौकशीनंतर टाक्यांत निष्क्रिय वायू भरूनच धुण्याची पद्धत रूढ झाली. टोल्यूइनासारखी ज्वालाग्राही द्रावके हाताळणाऱ्या कारखान्यांना हा धडा तसाच लागू पडतो : झोत सुरू करण्यापूर्वी पात्रातील वाफ काढून टाकावी अथवा तेथे निष्क्रिय वायू भरावा आणि प्रोथ, नळी व पात्र ही सर्व भूमीस जोडावी.

पाणी व सांडपाणी : वर उदाहरणादाखल घेतलेला पंप दिवसाचे सहा तास चालला तर १४,४०० लि. पाणी वापरतो. तारापूर वसाहतीस पाणी सूर्या नदीतून मिळते. याच नदीवरील धामणी धरणाचे पाणी आदिवासी भागातील शेतीसाठी की वाढत्या नागरी वस्तीसाठी यावरून पालघर जिल्ह्यात दीर्घकाळ वाद चालू आहे. त्या मानाने सफाईचा वापर अल्प असला तरी धुऊन निघालेल्या पाण्याचे गुण त्याच्या परिमाणापेक्षा महत्त्वाचे ठरतात. वर्षभर भिंतींवर साचलेले सर्व काही बंदच्या चार-सहा दिवसांत एकदम पाण्यात येते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील सूक्ष्मजीव ठराविक भाराला सरावलेले असतात. असा अचानक लोंढा आला तर ते मरतात आणि केंद्र काही दिवस निकामी होते. म्हणून हे पाणी वेगळ्या टाकीत घेऊन गाळ निवळवावा, गाळ घातक कचरा म्हणून स्वतंत्रपणे पाठवावा व निवळ थोडाथोडा सोडावा लागतो. निवळलेले पाणी बारीक गाळणीतून पुन्हा पंपास देता येते; परंतु दट्टे लवकर झिजतात या कारणाने ठेकेदार ते टाळतात.

तारापूर येथे या गोष्टीला जे गांभीर्य आहे ते अन्यत्र क्वचितच असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात या वसाहतीस ९३·६९ असे देशात सर्वाधिक गुण मिळाले. वसाहतीतील सामुदायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता दीर्घकाळ दररोज २५ दशलक्ष लि. होती व येणारे सांडपाणी त्याहून अधिक होते. पुढे ५० दशलक्ष लि. क्षमतेचे नवे केंद्र उभारण्यात आले. प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडतात. नवापूर, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे याच किनाऱ्यावर असून सातपाटीचा पापलेट प्रसिद्ध आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मधील निर्णयात न्यायाधिकरणाने प्रक्रिया केंद्र चालविणारी संस्था व अनेक कारखाने यांवर पर्यावरणीय नुकसानभरपाई बसविली. कॅलिफोर्नियात दावा शेतकऱ्यांनी लावला होता, येथे तो मच्छीमारांनी लावला.

जलझोताची येथे दुहेरी भूमिका आहे. अम्लधुलाईच्या जागी तो आला तर सांडपाण्यातील अम्ल व विरघळलेले धातू कमी होतात. वाळू मारून रंग काढण्याऐवजी तो वापरला तर सिलिकेची धूळ उडत नाही आणि कामगार सिलिकोसिसपासून वाचतो. उलट पक्षी, कोरडेपणाने खरवडून पिंपात भरता आला असता असा गाळही झोताने पाण्यात मिसळला जातो. जाड, सैल थर आधी कोरडाच काढून मग उरलेल्यावर झोत मारणे हा साधा उपाय आहे, पण त्यास वेळ लागतो आणि बंदच्या काळात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते.

कर्तन : कापण्याच्या झोतासाठी ०·१ ते ०·४ मिमी. छिद्राचा नीलमण्याचा वा हिऱ्याचा प्रोथ लागतो. नुसत्या पाण्याने रबर, फेसाळ प्लॅस्टिक, कागद, चामडे व गोठविलेले अन्नपदार्थ कापतात. धातू, दगड व काच यांसाठी प्रोथापुढील मिश्रणकक्षात गार्नेटाची भुकटी झोतात ओढली जाते (⇨ अपघर्षक). भारतात गार्नेट तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यांवरील वाळूत आढळते. वायुज्योतीने किंवा लेसर शलाकेने कापताना कडा तापून धातूचे गुण बदलतात, तसे येथे होत नाही. अगंज पोलादाच्या जाड भागांसाठी हे फार उपयुक्त ठरते. वेग मात्र कमी असतो आणि एकदा वापरलेली भुकटी बहुतांशी वाया जाते.

इतर उपयोग : किनारी प्रदेशात खाऱ्या हवेतील क्लोराइडे काँक्रीटमध्ये झिरपून आतील सळया गंजतात. असे काँक्रीट सु. १,००० बारांच्या झोताने काढल्यास सळया व चांगले काँक्रीट यांना धक्का लागत नाही आणि हातोडा-यंत्राच्या कंपनांनी पडणारे सूक्ष्म तडेही टळतात. नव्या थरास खडबडीत व स्वच्छ पृष्ठ मिळते. जहाजांच्या तळावरील जुना रंग व जीवांचे थर उतरविण्यासाठी गोद्यांत अत्युच्च दाबाचे झोत वापरतात. वस्त्रोद्योगात सुट्या तंतूंच्या थरावर बारीक झोतांच्या रांगा मारून ते परस्परांत गुंतवितात व न विणलेले कापड तयार करतात. पुसण्याची व शस्त्रक्रियेची कापडे अशी बनतात. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर पुढे असलेल्या सुरत येथील जलझोत मागांत आडवा धागा पाण्याच्या थेंबाबरोबर फेकला जातो. त्यातील दाब बराच कमी असतो आणि पाण्याने न भिजणाऱ्या कृत्रिम धाग्यांसाठीच हे माग सोयीचे पडतात.